कॉर्पोरेट म्हणजे कंपनी नव्हे

प्रश्न : फॅसिझमला मराठीत ‘कंपनीशाही’ म्हणावं का? मुसोलिनी स्वतःच्या राज्याला ‘कॉर्पोरेट राज्य’च म्हणवायचा ना?

म्हणवायचा, पण कंपनीशाही नको. ‘कॉर्पोरेट म्हणजे बड्या कंपन्या’ हे ऐकून ऐकून कान किटले. ‘सरकार आणि कंपन्या एक झाल्या की फॅसिझम’ हे मुसोलिनीच्या नावावर खपवलेलं वाक्य ज्या लेखातलं म्हणून सांगतात, त्या 1932च्या इटालियन विश्वकोशातल्या लेखात ते नाहीच. इटालियनमध्ये कंपनी म्हणजे ‘सोचिएता’. ‘कॉर्पोरात्सिओने’ म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. मूळ लॅटिन ‘कॉर्पुस’, देह. अनेकांचा मिळून एक देह. आपण नगरसेवकाला ‘कॉर्पोरेटर’ म्हणतो, तेव्हा तो कंपनीत नोकरीला आहे असं कुणी समजतं का? (ठेकेदार समजतात, ते सोडा.)

एका धंद्यातल्या लोकांच्या अशा संघाला आपल्याकडे अस्सल शब्द आहे : श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. विणकरांच्या एका संघाकडे 2,000, महिना शेकडा 1 व्याजाने; दुसऱ्याकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्याचं व्याज वर्षाला 240, त्यातून 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशेब चोख. शिवाय हे सगळं ‘निगमसभेत’ ऐकवून फलकावर नोंदवलं. हिंदीतल्या ‘नगर निगम’मधला निगम तो हाच! लेखात विणकरांना ‘कोलिक’ म्हटलंय. जाळं विणणारा आपला आठ पायांचा कोळी याच कुळातला, असं माझं ठाम मत आहे. मासे धरणाऱ्या कोळ्याशी त्याची सांगड घालणाऱ्यांनी आधी कोळ्याचं जाळं नीट बघावं.

असो, इटली. तिथे शब्द श्रेणीचा घेतला आणि आतला जीव काढून घेतला. ऑक्टोबर 1925मध्ये कारखानदारांच्या महासंघाने फक्त फॅसिस्ट कामगार संघटनांनाच मान्यता दिली. एप्रिल 1926च्या कायद्याने कामगारांचा संप आणि मालकांची टाळेबंदी दोन्ही बेकायदा, आणि एका धंद्यात मान्यता एकाच संघटनेला. वरवर पाहता तराजू समतोल. पण मालकांच्या बाजूला मालकांचीच माणसं बसत, कामगारांच्या बाजूला पक्षाने नेमलेली. म्हणून 1927मध्ये लिरा हे इटलीचं चलन महाग ठेवण्यासाठी मजुरी कापली, तेव्हा हूं की चूं करायला कुणी उरलं नव्हतं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष 22 ‘कॉर्पोरात्सिओनी’ स्थापन झाल्या त्या 1934मध्ये, आणि 1939मध्ये लोकांनी निवडायचं सभागृहच मोडून ‘फॅशिओ (पक्षाच्या शाखा) आणि कॉर्पोरात्सिओनींचं सभागृह’ बसवलं. ‘कंपनीशाही’ म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही. कामगार संघटना गिळल्या हा कळीचा भागच गळतो.

‘श्रेणी म्हणजे परीक्षेतली ग्रेड, वाचक गोंधळेल,’ असं म्हणणारे भाषांतरकार भेटतात. मग ‘पद’ म्हटल्यावर वाचक खुर्ची, कविता आणि पाऊल यांत गोंधळतो का? ‘कॉर्पोरेट राज्या’ला ‘श्रेणी-राज्य’ लिहा, पहिल्यांदा कंसात ‘धंदेसंघांचं’ घाला, पुढे कंस काढा.

फॅसिझमला काय म्हणावं, हे राहिलंच. फॅसिझमच म्हणा. त्यातल्या मूळ इटालियन ‘फॅशिओ’चा अर्थ जुडी हे खरं, पण जुडी कोथिंबिरीलाच बरी.