पहिल्या वर्षाला आधी हकीगत लिहायला शिकव

प्रिय वकीलबाई,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या वर्षाच्या मुलांना कायदेशीर लेखन आणि वकिलीचं प्रत्यक्ष काम शिकवायची जबाबदारी कॉलेजने तुझ्यावर टाकली, हे वाचून फार आनंद झाला. ड्राफ्टिंगचा पेपर मुलांच्या वाट्याला एरवी फार उशिरा येतो. तोवर गाईडमधली वाक्यं उतरवून काढायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. म्हणून तुझा आराखडा दोनदा वाचला, आणि जे वाटलं ते मोकळेपणाने लिहितो.

पहिल्याच आठवड्यात तू नोटिशीचा नमुना ठेवला आहेस. तो काढून टाक. नमुना हाती आला की मुलं फक्त मोकळ्या जागा भरतात. जुन्या मसुद्यात नावं बदलून केलेले अर्ज तू कोर्टात पाहिले आहेस. पहिल्या पानावर आपला पक्षकार असतो आणि प्रार्थनेत, म्हणजे शेवटी कोर्टाकडे केलेल्या मागणीत, भलत्याच कुणाचा गट नंबर राहिलेला असतो. याचं मूळ इथेच आहे. पहिलं सत्र संपेपर्यंत मुलांनी कलम न लिहिता नुसती हकीगत लिहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात द्राक्षबागायतदारापासून कर. व्यापारी माल उचलतो, चेक देतो आणि चेक वटत नाही, हे निफाड-दिंडोरीकडच्या मुलांनी घरीदारी ऐकलेलं असतं. त्यातल्याच एकाला पक्षकार कर, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. त्याला सांग, खऱ्या शेतकऱ्यासारखंच बोल: “माल गेला तेव्हा थंडी होती. खरड छाटणीच्या सुमारास बँकेत गेलो, तर खात्यात पैसेच नाहीत म्हणाले.” आता यातून तारखा काढायच्या. चेकवरची तारीख एक, तो बँकेत भरल्याची दुसरी, आणि न वटल्याचं बँकेकडून कळल्याची तिसरी. चेक न वटण्याबद्दलच्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मध्ये नोटिशीचे 30 दिवस या तिसऱ्या तारखेपासून मोजतात. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात, आणि ते उलटल्यावर महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी लागते. हे मुलांना आधी सांगू नकोस. “चेक न वटल्याचा बँकेचा मेमो तुमच्या हातात कधी पडला?” हा प्रश्न वर्गातून आपसूक येतो का, याची वाट बघ. नाहीच आला, तर तो न विचारल्याने मुदत कशी हुकते ते त्यांच्याच कागदावर दाखव.

मग रकमेकडे वळ. समजा मालाचं येणं 5 लाख आहे आणि चेक 3 लाखांचा. जवळजवळ सगळी मुलं नोटिशीत 5 लाख मागतील, कारण शेतकऱ्याचं दुःख पाच लाखांचं आहे. पण कलम 138 ची नोटीस चेकच्या रकमेची असते. व्याज, खर्च, उरलेली बाकी मागता येते, मात्र चेकची रक्कम स्वतंत्र आणि नेमकी दिसली पाहिजे. नोटिशीतला आकडा चेकशी जुळत नसेल तर टायपिंगची चूक ही सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलंय. एका आकड्यापायी एखाद्याच्या वर्षाच्या कष्टाची तक्रार बाद होऊ शकते, हे मुलांच्या मनावर पहिल्याच वर्षी बिंबलं पाहिजे.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 6, नियम 2 मात्र लवकर वाचून घे. वादपत्रात महत्त्वाच्या घटना लिहायच्या, त्यांचा पुरावा नाही. तेही थोडक्यात आणि क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत. 1908 पासूनचा हा नियम आहे, आणि लेखन म्हणून यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

निकाल वाचायला मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष घे. 1903 चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपील कोर्टाचा, हा निकाल पहिल्या वर्षाला असतोच. ‘अज्ञानाचा, म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्याचा, करार मुळातच रद्दबातल’ एवढं मुलं पाठ करतात. त्यांना विचार, त्या खटल्यात कर्ज घेणाऱ्या अज्ञान मुलाने आपण सज्ञान असल्याचं लिहून दिलं होतं, तरी ते त्याच्यावर बंधनकारक का ठरलं नाही? कारण तो अज्ञान असल्याची कल्पना सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या ॲटर्नीला आधीच दिलेली होती. खरी गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक असेल तिथे इस्टॉपेलचा, म्हणजे आपल्याच आधीच्या बोलण्याला बांधलं जाण्याचा, प्रश्न येत नाही. हे तत्त्व त्या एका घटनेवर उभं आहे. मुलांच्या दहा ओळींच्या हकिगतीत ती घटना आली नसेल, तर निकाल पुन्हा वाचायला लाव.

मराठीचा आग्रह धर. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना 1998 मध्येच निघाली आहे, आणि सुरगाणा-पेठहून आलेल्या बाईला तिच्या सहीखालचा मजकूर कळायलाच हवा. ‘सदरहू इसमाने’ लिहून कुणी वकील होत नाही. इंग्रजीही हवंच, पण तो सराव दुसऱ्या सत्रात घेतलास तरी चालेल.

तपासणी हे यातलं सगळ्यात जड काम आहे, आणि तेच खरं शिकवणं आहे. मजकूर एका पानापुरताच मागव, म्हणजे झेपेल. वाक्य स्वतः दुरुस्त करून देऊ नकोस. समासात प्रश्न लिही: ‘कोणी दिला?’, ‘हे तुला कशावरून कळलं?’, ‘ही तारीख कुठल्या कागदावर आहे?’ तोच कागद पुन्हा लिहून घे. गुण दुसऱ्या खर्ड्याला दे, पहिल्याला नको.

लोकअदालतीला मुलांना जरूर ने. तिथे ऐकलेली पक्षकारांची नावं आणि भानगडी कॉलेजच्या कट्ट्यावर येता कामा नयेत, हे निघण्याआधी बजावून सांग. यात सवलत देऊ नकोस, मूल कितीही हुशार असो.

पहिला सराव झाला की पाच-सहा कागद घेऊन ये, त्यात सगळ्यात कच्चे वाटलेले दोन तरी असू देत. चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, मी ऑफिसातच असेन. समासात काय लिहायचं ते बरोबर बसून ठरवू.

तुझे,
सर