फोटोचा एकच कोपरा धूसर येतोय, कॅमेरा बिघडलाय का?

प्रश्न: माझ्याकडे खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा आहे, तीनेक वर्षं वापरतोय. मध्यंतरी टेबलावरून पडला होता पण नंतर व्यवस्थित चालू झाला म्हणून काही लक्ष दिलं नाही. आता फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला की मधला भाग एकदम शार्प आणि उजवीकडचा खालचा कोपरा पुसट. ग्रुप फोटोत उजव्या टोकाला जो उभा असेल तो कायम धूसर. लेन्स पुसली, सेटिंग रिसेट केली, फरक शून्य. भिंतीवर पेपर चिकटवून टेस्ट केली तर कधी धूसर येतं, कधी नाही. रिपेअरला टाकू का?

उत्तर: थांबा, लगेच नका टाकू. आधी धूसरपणा कॅमेऱ्याबरोबर फिरतोय की समोरच्या वस्तूबरोबर, एवढं नक्की करा.

पेपरच्या टेस्टवर माझा फार भरवसा नाही. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरणं आपल्याला वाटतं तेवढं सोपं नसतं, जरासा तिरका झाला की पेपरची एक बाजू जवळ आणि दुसरी लांब, मग दोष लेन्सचा की आपल्या हाताचा ते कळत नाही. तुम्हाला कधी धूसर आणि कधी चांगलं आलं त्याचं हे एक कारण असू शकतं.

त्यापेक्षा सकाळच्या चांगल्या उजेडात बाहेर या आणि शंभरेक मीटर लांबचं, बारीक पानांचं एखादं झाड निवडा. झूम पूर्ण मागे, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) 100 किंवा जो सगळ्यात कमी असेल तो. झाड आधी मधोमध ठेवून एक फोटो, मग तेच झाड एकेक करून चारही कोपऱ्यांत ठेवून चार फोटो. प्रत्येक वेळी फोकस लांबच्याच वस्तूवर होऊ द्या, जवळचं काही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. एवढ्या लांबून कॅमेरा थोडा तिरका असला तरी काही बिघडत नाही, ही या टेस्टची खरी गंमत. आता पाचही फोटो 100 टक्के मोठे करून शेजारी शेजारी लावा आणि फक्त पानांच्या कडा बघा.

चारही कोपरे मध्यापेक्षा सारखेच थोडे मऊ असतील तर काळजी नको, छोट्या कॅमेऱ्याच्या वाइड लेन्सचं ते नेहमीचंच. पण तीन कोपऱ्यांत पानं सुटी सुटी दिसतायत आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र हिरवा लगदा, असं असेल तर लेन्सच्या आतली एखादी काच किंवा अख्खी नळी किंचित तिरकी झालीये. पडल्यावर हे होऊ शकतं. या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा 1/2.3 इंची म्हणतात तो सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असतो, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम 6 बाय साडेचार मिलिमीटर, आणि 16 मेगापिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल साधारण 1.3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला तर केसाच्या जाडीत 50 पिक्सेल बसतात, तेव्हा नळी डोळ्याला न दिसण्याइतकी हलली तरी फोटोत लगेच कळतं.

हीच टेस्ट झूम अर्ध्यावर आणि पूर्ण पुढे नेऊनही करा, कारण झूम करताना आतल्या काचा जागा बदलतात आणि दोष एखाद्याच ठिकाणी दिसू शकतो. मग स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी आतली एक काच हलवून फोटो स्थिर ठेवणारी सोय, बंद करून पुन्हा एकदा. बंद केल्यावर कोपरा सुधारला तर संशय त्या हलणाऱ्या काचेवर.

कोपरा पुसट असण्याबरोबर काळपटही दिसत असेल तर कॅमेरा चालू करून लेन्ससमोरच्या त्या छोट्या पात्या पूर्ण उघडतायत का ते बघा, एखादी अर्धवट अडकलेली असते. आणि लेन्स पुसताना रुमाल किंवा शर्टाचं टोक नको प्लीज, आधी ब्लोअरने धूळ उडवा मग मऊ मायक्रोफायबरचं कापड, हलक्या हाताने.

दोष लेन्सचाच निघाला तर नळी हाताने दाबून सरळ करायला जाऊ नका, अजून वाट लागेल. दुरुस्तीत बऱ्याचदा अख्खं लेन्स युनिटच बदलतात, म्हणून पाचही फोटो सोबत न्या आणि आधी खर्च विचारा. तोपर्यंत ग्रुप फोटोत दोन पावलं मागे जाऊन कडेला मोकळी जागा सोडा आणि नंतर क्रॉप करा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र, एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) हाताने बदलता येत असेल तर एफ 4 करून बघा, थोडा फरक पडेल. एफ 8 नको, एवढ्या छोट्या सेन्सरवर तिथे सगळाच फोटो मऊ होतो.

प्रश्न: माझ्या फोटोत चेहरे ठीक येतात पण गवत, केस, लांबची झाडं रंगाने सारवल्यासारखी दिसतात, तीही संध्याकाळीच जास्त. फोकस चुकतोय का?

उत्तर: फोकस चुकला असता तर दुसरी कुठलीतरी वस्तू, पुढची किंवा मागची, शार्प मिळाली असती. तुमच्याकडे ठळक कडा शाबूत आहेत आणि फक्त बारीक पोत गेलाय, हे काम नॉइज रिडक्शनचं, म्हणजे फोटोतले दाणे आपोआप पुसण्याच्या सोयीचं. उजेड कमी झाला की कॅमेरा आयएसओ 800, 1600 वर नेतो, फोटोत दाणे येतात, आणि ते पुसता पुसता कॅमेरा गवतही पुसून टाकतो. फोटोच्या माहितीत आयएसओचा आकडा बघा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या फोटोतला फरक लगेच दिसेल. आयएसओची वरची मर्यादा 400 ला बांधा, मेनूत नॉइज रिडक्शन असेल तर कमीवर ठेवा आणि रॉ ची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवण्याची) सोय असेल तर ती जरूर वापरा. शटर मग मंद होणार, म्हणजे जास्त वेळ उघडं राहणार, म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवून 2 सेकंदांचा टायमर लावा. झाडं स्थिर उभी असतात, त्यांना मंद शटर चालतं, वाऱ्याच्या दिवशी मात्र नाही.