फडताळाचं तावदान हलतं, ते हलू दे

प्रिय ईशान,

आजीच्या माजघरातल्या फडताळाचा व्हिडिओ पाहिला. दाराची मधली फळी बोटानं दाबली की खुडखुडते, म्हणजे ती मोडली आहे का, असं तू विचारलंस. मामा कडेनं गोंद भरू म्हणतोय, तर भरू दे का? एवढ्या मोठ्या फडताळाला एकही खिळा कसा नाही? आणि ते टोरांटोला आणता येईल का?

आधी मामाला थांबव. गोंद अजिबात नको. ती मधली फळी, म्हणजे तावदान, हलावं म्हणूनच सुतारानं तसं बसवलं आहे. त्या फडताळात सगळ्यात जास्त डोकं कुठे चाललं असेल तर ते इथे.

लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, पडतो तो रुंदीत. सागाची अर्धा मीटर रुंद फळी कोकणात हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार-पाच मिलिमीटर फुगू शकते. एवढं लाकूड जेव्हा फुगतं तेव्हा त्याला कुणी अडवू शकत नाही. अडवलं तर चौकट उघडते. आणि फुगलेली फळी चारी बाजूंनी चिकटवून ठेवली, तर हिवाळ्यात आक्रसताना तिला सरकायला वाव राहत नाही आणि ती मधोमध तडकते. जुन्या दारांना गोंद भरून केलेल्या दुरुस्त्या बहुतेक अशाच फसतात.

म्हणून दार एका फळीचं करत नाहीत. दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांची चौकट करतात. पट्ट्या अरुंद, त्यामुळे त्यांचं फुगणं किरकोळ. चौकटीच्या आतल्या कडेला साधारण दहा-बारा मिलिमीटर खोल खोबण काढतात आणि तावदानाच्या कडा पातळ करून तिच्यात नुसत्या सरकवतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. पावसाळ्यात तावदान फुगून ती जागा भरतं आणि गप्प बसतं. आत्ता डिसेंबरात ते सुकलं आहे, म्हणून खुडखुडतं.

याचा पुरावा तुला तिथेच दिसेल. दाराच्या उभ्या पट्टीलगत तावदानावर एक फिकी, बिनपॉलिशची बारीक रेघ असेल. पॉलिश करताना तेवढा भाग खोबणीत लपलेला होता आणि आता तो बाहेर आला आहे. चांगला सुतार दार जुळवण्याआधीच तावदानाला पॉलिश करतो, म्हणजे ही रेघही दिसत नाही. वरून ऑइलपेंट फासला की रंग खोबणीत उतरतो आणि गोंदाचंच काम करतो. तसं झालं असेल तर मामाला पातळ सुरीनं कडेचा रंग हलक्या हातानं कापून तावदान मोकळं करायला सांग.

आता खिळ्यांचं. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढलेली असते, ते कुसू. उभ्या पट्टीत त्याच मापाची खाच पटाशीनं खणलेली असते. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. त्याहून जाड केलं तर खाचेच्या भिंती पातळ पडून फुटतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं. हे सगळं घट्ट ओढून धरतात त्या दोन खुंट्या. चौकटीच्या कोपऱ्यात जवळून बघ, दोन छोटे ठिपके दिसतील.

त्यांची करामत अशी. आधी खाचेच्या आरपार सामत्यानं भोक पाडायचं. मग कुसू आत घालून भोकाची खूण त्यावर करायची, बाहेर काढायचं आणि कुसवातलं भोक त्या खुणेवर न पाडता आडव्या पट्टीच्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर सरकवून पाडायचं. आता खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते आणि सांधा आवळला जातो. दीडऐवजी तीन मिलिमीटर सरकवलं तर कुसू फाटतं किंवा खुंटी मोडते. खुंटी करवतीनं कापत नाहीत, लाकडाच्या रेषेरेषेनं चिरतात, म्हणजे ती वाकली तरी तुटत नाही. आपल्याकडे त्यासाठी बांबूही वापरतात. असा सांधा गोंदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. लोखंडी खिळा कोकणच्या खारट हवेत गंजतो, गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो.

चिकटवायचं काम जिथे होतं तिथे सरस वापरत. १९५९ मध्ये फेविकॉल आलं, त्याआधी सुताराकडे तोच असायचा: जनावरांच्या कातड्या-हाडांचा, रात्रभर गार पाण्यात भिजवून, मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ केलेला. उकळला की त्याची ताकद जाते. त्याचा मोठा गुण म्हणजे ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडून पुन्हा जोडता येतो.

एक काम करून बघ. रात्री दिवे मालव, फडताळाच्या मागच्या फळीला टॉर्च जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाक. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे, आणि रंध्याचे उथळ पट्टे उमटतील. सांध्याशी टोकदार हत्यारानं ओढलेल्या बारीक रेघाही सापडतील. गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून आखलेलं ते माप आहे, आणि आतल्या बाजूला असल्यानं कुणी ते पुसायच्या फंदात पडलं नाही. मला दर्शनी नक्षीपेक्षा या रेघा जास्त आवडतात. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे बघताना नक्षी झाल्यावर चौकटीचे कोपरे आवर्जून बघ.

आजीला दोन गोष्टी सांग. ओल्या फडक्यानं पुसू नको, आणि खोबरेल लावू नको. ते वाळत नाही, धूळ धरतं. जवसाचं तेल चालेल, अगदी पातळ, आणि अर्ध्या तासानं कोरडं पुसून घ्यायचं. त्या तेलाचं फडकं चुरगळून ठेवायचं नाही, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून उघड्यावर वाळवायचं. आणि मामाला सांग, पावसाळ्यात दार अडकलं तर रंधा मारू नकोस, कडेला मेणबत्ती घास. जुलैत तासलेल्या दाराला डिसेंबरात फट पडते. तासायचंच असेल तर दिवाळीनंतर.

टोरांटोला मात्र नको. हिवाळ्यात हीटिंगमुळे आपल्या घरातली हवा इतकी कोरडी होते की कोकणच्या पावसाळ्यातली अर्धा मीटरची फळी इथे सेंटीमीटरभर आक्रसेल. दारं निभावतील, पण बाजूच्या रुंद फळ्या, जिथे फळ्यांवर कप्प्यांच्या आधाराच्या आडव्या पट्ट्या पक्क्या बसवल्या आहेत, त्या चिरतील. त्यापेक्षा तू मापं घेऊन ये: उभ्या आणि आडव्या पट्टीची रुंदी आणि जाडी, खोबणीची रुंदी, तावदानाची कड किती पातळ केली आहे ते, आणि कोपऱ्यापासून खुंटीचं अंतर. तेवढ्यावर आपण इथल्या मेपलचं एक छोटं दार करू.

तुझा,
बाबा