‘लैंगिक आसक्ती’ कमी होते की ‘इच्छा’?

प्रश्न असा आहे: दवाखान्यातल्या कन्नड माहितीपत्रकात ‘लैंगिक आसक्ति कडिमे’ असं छापलंय. त्याचं मराठी ‘टेस्टोस्टेरॉन कमी झाल्यास पुरुषाची लैंगिक आसक्ती कमी होते’ असं केलं तर चालेल का? (टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी संप्रेरक.)

नाही चालणार. शब्द संस्कृतातून दोन्हीकडे आला, पण कन्नडात मवाळ झाला. ‘संगीतदल्लि आसक्ति’ म्हणजे संगीताची आवड, बस्स. मराठीत आसक्ती म्हटलं की चिकटणं आलं. मूळ धातू ‘सञ्ज्’, चिकटणे; संग आणि प्रसंग त्याच घरातले. (सक्ती मात्र त्या घरातली नव्हे, ती फारसी ‘सख्ती’.) कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला आसक्ती ही सोडायचीच गोष्ट. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडचा मराठी वाचक हे वाक्य वाचून म्हणेल, आसक्ती कमी झाली? बरंच झालं की! ही तक्रार आहे हेच त्याला कळणार नाही. ‘अवसर’ कन्नडात घाई आणि ‘अनुमान’ संशय, हे आपल्याला पाठ असतं. आसक्तीला फसतो, कारण अर्थ जवळजवळ जुळतो.

‘कामेच्छा’ बरोबर आहे, पण पुस्तकी. पत्रकात ‘लैंगिक इच्छा’ घ्यावं. डॉक्टरांपुढे माणूस ‘मनच व्हईना बघा’ एवढंच म्हणतो, आणि माझ्या मते त्याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

‘ताकद’, ‘कमजोरी’ हे शब्द मात्र पत्रकात नकोतच. इच्छा, ताठरता आणि मूल होण्याची क्षमता, तिन्ही त्यात एकाच पोत्यात भरली जातात. टेस्टोस्टेरॉनचा जवळचा संबंध इच्छेशी. ताठरता बिघडते ती बरेचदा रक्तवाहिन्यांमुळे: मधुमेह, रक्तदाब, आणि आपल्या पट्ट्यात ओळख करून द्यायला नको असा तंबाखू. मूल होण्याचं तर उलटंच. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना येणारा इशारा मंदावतो आणि शुक्राणू घटतात. मूल हवं असलेल्या माणसाने ‘ताकदीचं इंजेक्शन’ मागितलं, तर शब्दाच्या गोंधळाने तो नेमकं नको तेच पदरात पाडून घेतो.

वाक्यातली दुसरी चूक व्याकरणात दिसत नाही. ‘कमी झाल्यास कमी होते’ म्हटलं की तराजूसारखं सरळ प्रमाण वाटतं. प्रत्यक्षात तिथे उंबरठा आहे. पातळी त्याच्या बरीच खाली गेली तर इच्छा ओसरू शकते. वर असताना पातळी ४०० ची ६०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर झाली म्हणून ती दीडपट होत नाही. पातळी नीट असूनही नैराश्य, त्यावरची काही औषधं, अपुरी झोप किंवा वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारं संप्रेरक) इच्छा खाली आणतात.

आकडा छापणार असाल तर एकक सोबत हवंच. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली ‘कमी’ धरतात, पण काही लॅब प्रति मिलिलीटर लिहितात, तिथे तेच ३ दिसतं आणि रुग्ण हबकतो. रक्त सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी. कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दुपारी पातळी उतरलेली असते.

वाक्य असं करा: ‘टेस्टोस्टेरॉन बरंच कमी असल्यास पुरुषाची लैंगिक इच्छा मंदावू शकते.’ ‘शकते’ गाळू नका.