टीएफएम ७६, तरी पिंढऱ्या पांढऱ्या

प्रश्न : थंडीत अंघोळीनंतर पिंढऱ्या ताणतात, नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते. साबणावर टीएफएम ७६ टक्के लिहिलंय, म्हणजे तो सौम्यच ना? पाणी बोअरचं आहे. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण; पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (७ च्या खाली आम्ल, वर अल्क), त्यावरून कळत नाही. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनलेल्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, त्वचेचा साधारण ५. या आम्लतेतच सिरॅमाइड, म्हणजे पेशींच्या विटांमधला चुना, तयार करणारी एन्झाइम्स नीट चालतात. पीएच चढला की ती मंदावतात आणि पेशींचे दुवे तोडणारी एन्झाइम्स जोर धरतात. वरच्या पेशी सुटू लागतात, म्हणून ती रेघ. निरोगी त्वचा काही तासांत सावरते, पण दिवसातून दोनदा साबण लावला की उसंतच मिळत नाही. त्यात बोअरचं पाणी जड असेल तर कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो आणि अंगावर राहतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच.

साबण फक्त काखा, जांघा, पावलांना लावा. बाकी अंगाला ५.५ च्या आसपास पीएच असलेला सिंडेट बार, म्हणजे साबणाऐवजी सौम्य कृत्रिम डिटर्जंटची वडी. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत. अंग टिपून तीन मिनिटांत मॉइश्चरायझर. आम्लता हवी म्हणून लिंबू मात्र चोळू नका. त्याचा पीएच २ च्या घरात, आग होईल.