कोरडा खोकला आणि सोमवारचा डोस

प्रश्न : माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत. हॉजकिन लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोचे आठ डोस झाले. दोन सायकलनंतरचा, म्हणजे चार डोसनंतरचा, पेट स्कॅन (आजार किती उरला ते दाखवणारा) चांगला आला होता. पण तीन आठवडे कोरडा खोकला आहे, दुसऱ्या मजल्यावर चढताना मधेच थांबावं लागतं. “सांगितलं तर औषध बंद करतील, आजार उलटेल,” म्हणून ते मला बोलू देत नाहीत. सोमवारी पुढचा डोस आहे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सोमवारची वाट पाहू नका. केमो देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून खोकला आणि धाप दोन्ही सांगा. ताप आला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर थेट इस्पितळ गाठा.

एबीव्हीडीतला ‘बी’ म्हणजे ब्लिओमायसिन. ते निकामी करणारं एन्झाइम फुप्फुसात आणि त्वचेत फारच कमी असतं. औषध तिथे साचतं, फुप्फुसाला सूज येते, दुर्लक्ष झालं तर वण धरून ते कडक होतं. (काहींच्या पाठीवर चाबकाच्या वळांसारख्या काळसर रेघा उठतात, त्याही या औषधानेच.) चाळिशीनंतर, सिगारेट असेल किंवा किडनी मंद असेल तर धोका वाढतो.

माझ्या एका रुग्णाने महिनाभर ज्येष्ठमध चघळत हा खोकला अंगावर काढला. पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावला, तर चपलेचा वेलक्रो सावकाश उघडावा तसा आवाज. स्टिरॉइडने खोकला थांबला, पण जिना पूर्वीसारखा चढता आला नाही. तो वाया गेलेला महिना मला अजून सलतो.

यजमानांना सांगा, ब्लिओमायसिन थांबवणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. पुढे गेलेल्या हॉजकिनमध्ये दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ असलेल्यांना उरलेले डोस ब्लिओमायसिनशिवाय दिले, तरी आजार जवळपास तितकाच आटोक्यात राहिला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. तुमच्या डॉक्टरांशी हेच बोला.

ते छातीचा सीटी आणि डीएलसीओ ही श्वासाची तपासणी सांगतील. जंतुसंसर्ग नाही ना, हेही बघतील. केमोत तोही असाच सुरू होतो. म्हणून स्टिरॉइड मनाने घेऊ नका.

आणि पुढे कधीही ऑपरेशन ठरलं, साधं हर्नियाचं का असेना, भूलतज्ज्ञांना ब्लिओमायसिनबद्दल आधी सांगा. जादा ऑक्सिजनने या फुप्फुसांना इजा होऊ शकते. गरज पडली तर ऑक्सिजन घ्यायचाच, फक्त ते तो बेताने देतील. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने औषधाचं नाव आजच लिहून ठेवा.