‘सेपल्क्रल’साठी ‘समाधी’ वापरू नये

आपण भाषांतर करत असलेल्या इंग्रजी कथेतला म्हातारा नोकर ‘सेपल्क्रल’ (sepulchral) आवाजात पाहुण्यांना आत बोलावतो आणि कोशात मात्र ‘थडग्याविषयीचा’ एवढाच अर्थ सापडतो, ही आपली अडचण वाचून मला माझेच एक जुने भाषांतर आठवले. लॅटिनमध्ये ‘सेपेलिरे’ म्हणजे पुरणे, ही व्युत्पत्ती आपण पाहिलीच असेल.

मला ‘थडगे’ ओबडधोबड वाटले, म्हणून मी ‘समाधीतून यावा तसा स्वर’ असे लिहिले. मराठीत समाधी ही दफनाची जागा खरी, पण ती ध्यानाची अवस्थाही आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला घेतली तिच्याशी आपण पावित्र्य जोडतो, उदासी नव्हे. परिणामी, कोंदट खोलीत मृत्युपत्र वाचून दाखवणारा माझ्या भाषांतरातला वकील वाचणाऱ्यांना योगी वाटू लागला. चूक उमगताच मी काम देणाऱ्या संस्थेच्या भाषा विभागाकडे दुरुस्ती पाठवली, तर ‘कोशात असा अर्थ नाही’ असा शेरा मारून त्यांनी ती परत केली, आणि तीन पत्रे लिहूनही अखेर ‘थडग्याचा आवाज’ असेच छापले गेले. थडग्याला आवाज कसला, हे विचारावे असे तिथे जागेवर कोणी भेटलेच नाही.

माझे मत असे (मी भाषाशास्त्रज्ञ नाही, हे ध्यानात घ्यावे) की विशेषण कशाला लागले आहे ते आधी पाहावे. आवाज असेल तर ‘खोल, पोकळ’ म्हणावे. ‘भेसूर’ जपून वापरावे, कारण त्यात भीती अधिक येते, आणि इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा थट्टेनेच योजतात. तशी थट्टा असेल तर ‘सुतकी’ला तोड नाही: ‘जेवण तयार असल्याचे त्याने सुतकी आवाजात सांगितले.’ ओसाड घरावर ‘स्मशानकळा’ पसरते, निःशब्दतेला ‘स्मशानशांतता’ आहेच. स्मशान दहनाचे आणि मूळ शब्द दफनाचा, हा आक्षेप मी ऐकला आहे, परंतु इतक्या रुळलेल्या शब्दात चिता कोणाला दिसते? प्रत्यक्ष थडग्यावरचा लेख किंवा कोरीवकाम असेल तेव्हाच शब्दशः अर्थ घ्यावा.

जाता जाता, ‘सेपल्कर’ या नामात आघात पहिल्या अक्षरावर, तर विशेषणात ‘पल्’वर येतो, आणि ‘सीएच’चा उच्चार ‘क’ होतो. मी तो चारचौघांत ‘च’ केला होता.

आपला नोकर खरोखरच कोणाच्या मृत्यूनंतर दार उघडतो आहे की लेखक त्याची गंमत करतो आहे, हे कळवल्यास नेमका शब्द सुचवता येईल.